ओबीडी सॉकेटला लावायचा डिजिटल इंजिन मॉनिटर: बसवणं, जुळवणं आणि वाचणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीची स्वतःची दोषतपासणी) सॉकेटमध्ये लावायचा, छोट्या पडद्याचा डिजिटल मॉनिटर घेतला आहे. तो कुठे आणि कसा बसवायचा, त्यावर कोणते आकडे ठेवायचे, त्यात दिसणारं अ‍ॅव्हरेज टाकीच्या हिशेबाशी का जुळत नाही, आणि गाडी उभी राहिली तर त्यामुळे बॅटरी उतरेल का?

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं जवळपास सगळं तिच्यावर उभं आहे. हा मॉनिटर स्वतः जवळजवळ काहीच मोजत नाही. तो इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, ठरावीक प्रश्न विचारतो, आलेलं उत्तर पडद्यावर मांडतो आणि काही आकडे त्या उत्तरांवरून स्वतः हिशेब करून काढतो. कूलंटचं तापमान, आरपीएम, वेग ही थेट उत्तरं असतात. लिटर आणि अ‍ॅव्हरेज हा बहुतेक गाड्यांत हिशेब असतो. व्होल्टेज तेवढं बरेच मॉनिटर सॉकेटच्या पिनेवरच मोजतात. थेट आलेल्या आकड्यावर पहिल्या दिवसापासून भरवसा ठेवता येतो. हिशेबाने काढलेला आकडा मात्र जुळवल्याशिवाय खरा मानू नये.

सॉकेट आधी तपासा

हे सॉकेट स्टिअरिंगपासून साधारण ६० सेंटिमीटरच्या आत, बहुधा चालकाच्या गुडघ्यांच्या वर किंवा मधल्या कन्सोलच्या बाजूला असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, डिझेलला २००४ च्या सुमारास ही पद्धत बंधनकारक झाली. त्याआधीच्या काही गाड्यांत दिसायला हेच सॉकेट असतं, पण आतली भाषा, म्हणजे ईसीयूशी बोलायची पद्धत (प्रोटोकॉल), कंपनीची स्वतःची असते. त्यामुळे सॉकेट बसलं म्हणजे मॉनिटर चालेलच असं नाही. बॉनेटखालच्या उत्सर्जनाच्या स्टिकरवर ओबीडी २ किंवा ईओबीडी (त्याचंच युरोपीय रूप) लिहिलंय का ते बघा आणि सॉकेटमध्ये धातूचे कोणते संपर्क बसवलेले आहेत ते टॉर्चने पाहा.

४ नंबरच्या पिनेला चॅसिसचं अर्थ (अर्थिंग), ५ नंबरला सिग्नलचं अर्थ आणि १६ नंबरला बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, हे सगळीकडे सारखं. बाकी भाषेप्रमाणे बदलतं: ६ आणि १४ म्हणजे कॅन ही नवी, वेगवान भाषा, ७ (कधी सोबत १५) म्हणजे जुनी के-लाइन, २ (कधी सोबत १०) म्हणजे काही जुन्या अमेरिकन गाड्यांतली पद्धत. ६ आणि १४ भरलेले दिसले तर गाडी बहुधा कॅनवर बोलते आणि मॉनिटरचे आकडे झटपट बदलतील. फक्त ७ दिसला तर उत्तरं सावकाश येतील. तो मॉनिटरचा दोष नव्हे.

मॉनिटर लावण्याआधी मल्टिमीटरने १६ आणि ४ मधलं व्होल्टेज मोजा. इंजिन बंद असताना १२ च्या वर यायला हवं. मग १६ आणि ५ मध्येही मोजा. इथे एक काळजी: मल्टिमीटरची जाड टोकं सॉकेटच्या भोकांत कोंबू नका. आतले स्प्रिंगसारखे संपर्क पसरतात आणि नंतर खड्ड्यातून गाडी गेली की मॉनिटर बंद-चालू होत राहतो. बारीक पिन किंवा सुई वापरून हलक्या हाताने मोजा. १६ वर काहीच येत नसेल तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हा पुरवठा लायटर सॉकेटच्या किंवा आतल्या दिव्यांच्या फ्यूजवरच असतो, आणि मोबाईलचा स्वस्त चार्जर तो फ्यूज कधी घालवतो हे कळतही नाही.

२४ व्होल्टच्या मोठ्या वाहनांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सॉकेटमधली मधली खाच तुटक असते, किंवा सॉकेटच गोल, ९ पिनांचं असतं. १२ व्होल्टचा मॉनिटर तिथे कुठल्याही अ‍ॅडॉप्टरने लावू नका, जोवर त्याच्या पुस्तिकेत २४ व्होल्ट स्पष्ट लिहिलेलं नाही.

जागा आणि केबल

जागा ठरवताना पहिला विचार एअरबॅगचा. स्टिअरिंगच्या मधला भाग, समोरच्या प्रवाशापुढचं एअरबॅगचं झाकण आणि ज्या गाड्यांत गुडघ्याची एअरबॅग आहे तिथे स्टिअरिंगखालचं पॅनल, या तिन्ही जागा पूर्ण वर्ज्य. मॉनिटर वजनाला हलका वाटतो, पण एअरबॅग उघडताना तो थेट चेहऱ्याकडे फेकला जातो. काचेच्या बाजूचा खांबही मोकळा सोडा. पडदा एअरबॅग (खिडक्यांवर उलगडणारी) असलेल्या गाडीत त्या ट्रिममागून केबल नेली तर ती एअरबॅगच्या वाटेत येते.

स्टिअरिंग कॉलमच्या वरचा भाग किंवा मीटरच्या शेजारचा सपाट कोपरा सोयीचा, कारण नजर रस्त्यावरून फार हलवावी लागत नाही. कॉलमवर बसवला तर स्टिअरिंग वर-खाली करून बघा, केबल ताणली जाते का. पुढच्या काचेवर, नजरेच्या वाटेत बसवू नका.

चिकटवण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारलेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन आधी साबणाच्या पाण्याने काढावं लागेल, नाहीतर कुठलीही टेप दोन दिवसांत सुटते. वेल्क्रो वापरा, मॉनिटर काढता येतो आणि बंद गाडीत उन्हात तापत पडत नाही. उन्हात डॅशबोर्डचा वरचा भाग ७०–८० अंशांपर्यंत तापू शकतो. त्या उष्णतेत पडदा काळा पडतो आणि गोंद वितळतो.

आता केबल. प्लग एका बाजूला रुंद असतो, त्यामुळे उलटा बसत नाही. जोर लावावा लागला तर दिशा चुकली आहे. इग्निशन बंद असताना तो सरळ आत ढकला, पूर्ण टेकेपर्यंत. केबल आधी पॅनलच्या वरच्या कडेला बांधा, मग मॉनिटरकडे न्या. उरलेल्या लांबीचं भेंडोळं पेडलांच्या वर लोंबकळत ठेवलं की एक दिवस ते ब्रेकमध्ये अडकणारच. ते पॅनलमागच्या एखाद्या पक्क्या ब्रॅकेटला केबल टायने बांधा, पण स्टिअरिंगच्या फिरत्या दांड्यापासून, पेडलांच्या लिंकपासून आणि पिवळ्या रंगाच्या कनेक्टरपासून दूर. पिवळे कनेक्टर आणि पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही आणि त्यांचा आधारही घ्यायचा नाही. सगळं झाल्यावर सीटवर बसून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा.

प्लग गुडघ्याला लागत असेल तर काटकोनी प्लगची छोटी जोडकेबल मिळते. त्यात फक्त तारांची संख्या बघा: १६ पैकी सगळ्या पिना जोडलेल्या असाव्यात. स्वस्त जोडकेबलीत काही पिना रिकाम्या असतात आणि नेमकी आपल्या गाडीची भाषा त्यांवर असते. काही मॉनिटरमध्ये केबलचं दुसरं टोक संगणकाच्या नेटवर्क केबलसारखं दिसतं. त्यात बॅटरीचे १२ व्होल्ट असतात. ते कधीही संगणकाच्या यंत्राला लावू नका.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग लावा, चावी इग्निशनवर फिरवा, थोडं थांबा आणि मग इंजिन सुरू करा. मॉनिटर एकेक भाषा वापरून बघतो. याला काही सेकंदांपासून मिनिटभर लागू शकतं. जुळलं नाही तर प्लग काढून मिनिटभराने परत लावा. तरीही नाही, तर सेटिंगमध्ये भाषा हाताने निवडा. सॉकेटमधल्या पिना बघून ती कोणती हे आता तुम्हाला माहीत आहे.

मग तीन सेटिंग मन लावून भरा: इंधनाचा प्रकार, इंजिनची क्षमता आणि टाकीची क्षमता. क्षमता वाहनाच्या कागदपत्रांतून घ्या, गाडीच्या नावावर लिहिलेल्या आकड्यावरून नाही. १४९७ सीसी असेल तर १.५. ज्या इंजिनात हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो, तिथे मॉनिटर मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आरपीएम आणि ही क्षमता यांवरून हवेचा अंदाज काढतो. म्हणजे क्षमता १० टक्के चुकली की लिटरही तेवढेच चुकले.

विचारण्याचा वेग निवडायची सोय असेल तर सुरुवात मधल्या वेगाने करा. काही गाड्यांत फार भराभर विचारणा झाली की मीटरवरचे आकडे अडखळतात, एखादा इशाऱ्याचा दिवा लागतो किंवा गिअरबॉक्स विचित्र वागतो. असं काहीही दिसलं तर विचारण्याचा वेग सर्वांत कमी करा. कमी करूनही थांबलं नाही तर ती गाडी आणि तो मॉनिटर यांचं जमत नाही; काढून ठेवा, तडजोड करू नका.

अ‍ॅव्हरेज का जुळत नाही

पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या मदतीने ईसीयू हे प्रमाण सतत राखत असतो. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे ७४५ ग्रॅम. त्यामुळे एमएएफचा ग्रॅम प्रति सेकंद आकडा ०.३२९ ने गुणला की ताशी लिटर मिळतात. ताशी ८० किलोमीटरला एमएएफ १४ दाखवत असेल तर ताशी ४.६ लिटर, म्हणजे लिटरला साधारण १७.४ किलोमीटर. मॉनिटर आतमध्ये हेच करतो.

यात चूक शिरण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. सेन्सर मळलेला असतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. १० टक्के इथेनॉलला हवेचं प्रमाण १४.१ च्या आसपास उतरतं. जोरात पिकअप घेताना ईसीयू मुद्दाम जास्त इंधन सोडतो. आणि मोठी वाट म्हणजे उतारावर गाडी गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला. तेव्हा ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो, हवा मात्र जातच असते. मॉनिटरला हे वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी इंधन-बंदची मर्यादा नावाची सेटिंग असते. इंजिन गरम झाल्यावर लांब उतारावर गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडा, थ्रॉटलचा आकडा (हवेची झडप किती उघडी आहे तो) शेजारच्या माणसाला वाचायला सांगा. तो १४ असेल तर मर्यादा १५ किंवा १६ ठेवा. फार वर ठेवली तर हलका पाय ठेवून चाललेल्या गाडीचंही इंधन शून्य धरलं जाईल आणि अ‍ॅव्हरेज खोटं चांगलं दिसेल.

डिझेलमध्ये हवेवरून इंधन काढता येत नाही, कारण डिझेल इंजिन कायम जास्तीच्या हवेवर चालतं. हवेचं इंधनाशी ठरलेलं प्रमाणच नाही. मॉनिटर तिथे इंजिनवरच्या लोडवरून, म्हणजे ते किती जोर लावतंय त्यावरून, अंदाज बांधतो. काही नव्या गाड्या इंधनाचा प्रवाह थेट सांगतात, तिथे प्रश्नच मिटतो. बाकी डिझेल गाड्यांत जुळवल्यानंतरही क्षणाक्षणाचा आकडा कच्चाच समजा आणि पूर्ण टाकीच्या सरासरीकडे बघा.

जुळवण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी वेग, मग इंधन. वेग चुकलेला असेल तर किलोमीटर चुकतात आणि मग इंधनाची दुरुस्ती त्या चुकीला लपवत बसते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना जीपीएसचा आकडा आणि मॉनिटरचा आकडा सोबतच्या माणसाने लिहून घ्यावा. गाडीच्या स्पीडोमीटरशी तुलना करू नका. तो नियमाप्रमाणेच खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, म्हणून बहुतेक सगळे थोडे जास्तच दाखवतात. मॉनिटर ८० आणि काटा ८४ असेल तर बहुधा मॉनिटर बरोबर आहे. टायरचा आकार बदललेला असेल तर मात्र ही दुरुस्ती हमखास लागते.

मग टाकी. पंपाचं पिस्तूल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, तिथेच थांबा, मॉनिटरला टाकी भरली असं सांगा. टाकी निदान अर्ध्याच्या खाली येईपर्यंत चालवा. शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. मॉनिटर म्हणतो ३२ लिटर गेले आणि पंप म्हणतो ३४.४, तर ३४.४ भागिले ३२ म्हणजे १.०७५, दुरुस्ती साडेसात टक्के वर. बरेच मॉनिटर पंपाचा आकडा भरला की हा टक्का स्वतः लावतात. एका टाकीवर विसंबू नका, कारण पिस्तूल एखादा लिटर आधी किंवा नंतर बंद होतंच. दोन-तीन टाक्यांनंतर फरक एक-दोन टक्क्यांत आला की हात आखडता घ्या. पहिल्याच वेळी फरक २५ टक्क्यांच्या वर आला तर दुरुस्ती लावू नका. इंधनाचा प्रकार किंवा सीसी चुकीचा भरलाय, तो शोधा.

जुळवून झाल्यावर तो टक्का लिहून ठेवा. वर्षभर स्थिर असलेली दुरुस्ती अचानक सरकली तर हवेचा सेन्सर मळतोय, कुठून हवा शिरतेय किंवा इंधन गळतंय अशी शंका घ्यायला जागा असते. अ‍ॅव्हरेजपेक्षाही उपयोगी खबर ही आहे, असं माझं मत.

पडद्यावर काय ठेवावं

चार जागा असतील तर कूलंटचं तापमान आणि व्होल्टेज या दोन कायम ठेवा. तिसरीत ताशी लिटर किंवा प्रवासाचं सरासरी अ‍ॅव्हरेज. चौथी जागा गरजेप्रमाणे बदलती: इंजिनचा लोड, आत जाणाऱ्या हवेचं तापमान किंवा फ्युएल ट्रिम (ते काय, हे पुढे सांगतो). क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज सतत समोर ठेवू नका. ते इतकं उड्या मारतं की त्याच्यावर नजर खिळते आणि त्यातून शिकायला फार काही मिळत नाही. के-लाइनच्या गाडीत आकडे जितके कमी ठेवाल तितके ते लवकर बदलतात.

कूलंटसाठीच हा मॉनिटर घ्यावा, इतका तो आकडा मोलाचा आहे. मीटरवरचा तापमानाचा काटा अनेक गाड्यांत मुद्दाम मंद केलेला असतो. तापमान ८० असो की १००, काटा मध्यावरून हलत नाही, आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मॉनिटर एकेक अंश दाखवतो. बहुतेक इंजिनं गरम झाल्यावर ८५ ते १०५ मध्ये राहतात, पण हा पल्ला रुंद आहे आणि तुमच्या गाडीचा स्वतःचा पल्ला त्यात अरुंद असतो. तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शोधून काढा: मोकळ्या रस्त्यावर किती, गर्दीत किती, पंखा कितीला सुरू होतो, एसी लावून घाटात जास्तीत जास्त किती चढतं. त्या सर्वांत वरच्या आकड्यावर ७–८ अंश अधिक धरून इशारा लावा. इशाऱ्याचा आवाज असेल तर तो चालू ठेवा. पडद्याकडे सतत बघण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित.

तापमान कसं चढतं यावरून कारण ओळखता येतं. गर्दीत चढतं आणि वेग आला की उतरतं: पंखा, त्याचा रिले किंवा फ्यूज. वेगात आणि चढावर चढतं, गर्दीत ठीक: रेडिएटर चोंदलेला, कूलंटचा पंप थकलेला किंवा थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) पुरता उघडत नाही. मोकळ्या रस्त्यावर ६५–७० पर्यंत घसरतं आणि थांबल्यावर वर येतं: थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. या शेवटच्या दोषाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण गाडी तापत नाही. पण इंजिन थंडच आहे असं समजून ईसीयू जास्त इंधन टाकत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि पी०१२८ हा दोषाचा कोड बहुधा याचाच असतो.

आणि एक धोक्याची खूण: चढत चाललेलं तापमान अचानक खाली आलं किंवा उलटसुलट उड्या मारू लागलं, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. कूलंट गळून गेला आणि सेन्सर कोरडा पडला की तो हवा नाहीतर वाफ मोजतो. त्याचा आकडा निरर्थक होतो आणि इंजिन आत जळत असतं. अशा वेळी गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. दाबाखाली अर्धं पाणी, अर्धं कूलंट हे मिश्रण १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण सैल करताच दाब जातो आणि ते उसळून अंगावर येतं.

व्होल्टेजचं गणित सोपं. गाडी काही तास उभी असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७. सतत १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा. दिवे, पंखा, एसी लावल्यावर १३ च्या खाली बसून राहत असेल तर पट्टा, अल्टरनेटर किंवा अर्थचा जोड. नव्या गाड्यांत ईसीयू चार्जिंग कमी-जास्त करत असतो. तिथे मोकळ्या रस्त्यावर १२.८ आणि ब्रेक मारताना १५ दिसणं हे ठरवून केलेलं असू शकतं. सेल्फ मारतानाचा सर्वांत खालचा आकडा मॉनिटरवर पकडता येत नाही, तो त्या मानाने सावकाश असतो. पण सेल्फ मारताना मॉनिटर दरवेळी बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला, आणि आधी तसं होत नव्हतं, तर बॅटरीची तपासणी करून घ्या.

फ्युएल ट्रिम हा शिकून घेण्यासारखा आकडा. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के भर घालतो किंवा कापतो ते यात दिसतं. तात्कालिक ट्रिम सारखा हलतो, दीर्घकालीन सावकाश सरकतो. दोघांची बेरीज बघायची, तीही इंजिन गरम असताना. शून्याच्या अलीकडे-पलीकडे ५ पर्यंत निर्धास्त राहा, १० च्या पुढे गेलं तर शोध घ्या. बेरीज रिकाम्या चालीवर (गाडी उभी, इंजिन चालू) +१५ आणि २५०० आरपीएमला +२ असेल तर कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा खेचतंय. इंजिन सावकाश असताना त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा, वेगात नगण्य. उलट रिकाम्या चालीवर ठीक आणि लोड आला की +१५ होत असेल तर इंधनाचा पंप, फिल्टर किंवा मळलेला एमएएफ. मोठे उणे आकडे दिसले तर गळका इंजेक्टर किंवा टाकीची वाफ ओढणारा, उघडा अडकलेला व्हॉल्व्ह. हे सगळं पेट्रोल इंजिनापुरतं. डिझेलला हा आकडा लागू नाही.

रिकाम्या चालीवरचे ताशी लिटरही एकदा लिहून ठेवा. गरम झालेलं, एसी बंद असलेलं छोटं पेट्रोल इंजिन ताशी ०.५ ते ०.८ लिटर घेतं. पुढे कधी हा आकडा कारण नसताना चढलेला दिसला की तपासायला एक ठोस धागा हाती असतो.

बॅटरी उतरेल का

१६ नंबरची पिन चावी काढल्यावरही चालूच असते. चांगला मॉनिटर ईसीयूची उत्तरं थांबली की झोपतो आणि फारच थोडा प्रवाह घेतो. पण झोपला तरच. हिशेब असा: ३० मिलिअँपिअर सतत जात असतील तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. गाडीचा स्वतःचा खर्च ३०–५० धरला, तर ४५ अँपिअर-तासाची निरोगी बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी होते. रोज चालणाऱ्या गाडीला हे जाणवत नाही, महिनाभर उभ्या गाडीला पुरेसं आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे मॉनिटर बंद गाडीतही विचारत राहतो आणि गाडीच्या बाकीच्या कंट्रोल युनिटना झोपू देत नाही. मग खर्च अँपिअरमध्ये जाऊ शकतो.

खात्री मोजूनच करा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या पल्ल्यावर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्यावरून काढलेली केबल यांच्या मध्ये जोडा, दारं बंद, चावी दूर. अर्धा ते एक तास थांबा, कारण कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. एकदा मॉनिटर लावून आणि एकदा काढून आकडा घ्या. फरक हा त्याचा खर्च. मीटर जोडलेला असताना इग्निशन किंवा सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. प्रत्येक वेळी गाडी आठवडाभराहून जास्त उभी राहणार असेल तर मोजमाप काहीही असो, प्लग काढून ठेवा.

कोड वाचताना

चेक इंजिन दिवा लागला तर कोड वाचा आणि पुसण्याआधी लिहून घ्या, सोबत फ्रीझ फ्रेमही, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचं तापमान, आरपीएम, लोड. कोड पुसला की हा पुरावा जातो. शिवाय गाडीच्या स्वयंतपासणीचे सगळे टप्पे पुन्हा शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला बऱ्याच किलोमीटरचं मिश्र चालवणं लागतं. उत्सर्जनाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून काही साधत नाही. कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ म्हणतो मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. ऑक्सिजन सेन्सर बदला असं तो म्हणत नाही, आणि वर सांगितलेले ट्रिम बघितले तर कारण बहुधा दुसरीकडेच सापडतं. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन न जळणं) इतका आहे की धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो: पाय हलका करा, शक्य तितक्या लवकर थांबा.

मॉनिटर असताना दुसरा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर दुभाजक केबलने लावू नका. दोघे एकाच वेळी विचारतात, एकाचं उत्तर दुसरा उचलतो आणि पडद्यावर अशक्य आकडे येतात. गाडी सर्व्हिसिंगला देताना, विशेषतः ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलायचं असेल तेव्हा, मॉनिटर काढूनच द्या. ते काम मध्येच तुटलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो.

हायब्रिड गाडीत इंजिन मधूनमधून थांबतं आणि साधा मॉनिटर त्याला गाडी बंद झाली असं समजून प्रवासाचा हिशेब तोडतो. सेटिंगमध्ये हायब्रिड हा प्रकार असेल तर तोच निवडा.

आता जे या मॉनिटरवर दिसत नाही त्याबद्दल. तेलाचा दाब आणि तेलाची पातळी या ठरलेल्या यादीत नाहीतच. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान आणि डिझेलच्या पार्टिक्युलेट फिल्टरची स्थिती बहुतेक गाड्यांत कंपनीच्या स्वतःच्या कोडमागे असते. मॉनिटरमध्ये असे कोड भरायची सोय असेल आणि तुमच्याच इंजिनाचा खात्रीचा कोड मिळाला तर ते बघता येतं, शेजारच्या मॉडेलचा कोड भरला तर आकडा दिसतो पण तो भलत्याच गोष्टीचा असू शकतो. एबीएस आणि एअरबॅगचे दोषही साधा मॉनिटर वाचत नाही. त्यामुळे तेलाची दांडी नेहमीप्रमाणे बघत राहा, आणि तेलाचा लाल दिवा लागला तर मॉनिटरवर सगळे आकडे ठीक दिसत असले तरी त्याच क्षणी इंजिन बंद करा. तेलाचा दाब आकड्यात हवाच असेल तर ब्लॉकवरच्या दाबाच्या स्विचजवळ टी-जोड बसवून वेगळा सेन्सर आणि वेगळा मीटर लावावा लागतो.